ग्लासात तरंगतं काय: धूसर बिअरच्या रसास्वादाची प्रस्तावना

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे निघालं की वाटेत देवगाव फाटा लागतो. इथून सेलूचा रस्ता फुटतो. हंगामात कापसाच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या, एसटीची वाट पाहत उभी असलेली माणसं, आणि भोवती काळं रान. खरिपात कापूस-सोयाबीन, रब्बीत ज्वारी-हरभरा. मराठवाड्यातल्या अशा फाट्यांवर बिअर म्हटलं की तिचा एकच प्रकार माणसांना माहीत असतो: मोठी बाटली, स्ट्राँग, आणि अंगावर पाण्याचे थेंब धरलेली. गिऱ्हाइकाचा प्रश्नही एकच असतो, ‘चिल्ड आहे का?’ आत काय आहे हे कुणी विचारत नाही. विचारावं असं त्यात फार काही ठेवलेलंही नसतं.

त्या बाटलीतली बिअर काचेसारखी स्वच्छ, फिकट सोनेरी असते. ती पिणाऱ्या माणसाला मी कमी लेखत नाही. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला गार, बुडबुड्यांचं, किंचित कडवट काहीतरी हवं असणं ही साधी गरज आहे. पण याच भागातली पोरं आता शिकायला आणि नोकरीला पुण्यात जातात. तिथं मित्रांच्या आग्रहानं एखाद्या मायक्रोब्रुअरीत बसतात, आणि समोर येतो तो संत्र्याच्या रसागत दाट, पलीकडचं काही दिसू न देणारा ग्लास. पहिला विचार मनात येतो तो असा की ही नासलेली तर नाही?

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं त्या पोरांना कुणीही भासवू नये. तो अगदी नेमका प्रश्न आहे. बिअर धूसर दिसण्याची कारणं अनेक आहेत. काही कारणं बनवणाऱ्यानं मेहनतीनं घडवलेली असतात, काही त्याच्या हलगर्जीपणातून येतात, आणि डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. ग्लासात जे तरंगतंय ते कुठून आलं, धान्यातून, हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांतून, यीस्टमधून की घाणीतून, हे नाकानं आणि जिभेनं ओळखता येणं म्हणजेच धूसर बिअरचा रसास्वाद. पुढचं सगळं लेखन त्या ओळखीसाठी आहे.

स्वच्छ बिअर हीच चांगली बिअर, ही समजूत फार जुनी नाही. १८४२ साली बोहेमियातल्या प्लझेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरनं फिकट माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), तिथलं मऊ पाणी आणि थंडीत सावकाश आंबवणारं यीस्ट वापरून सोनेरी, पारदर्शक लागर बनवली. तोवर बहुतेक बिअर गडद असायची आणि मातीच्या, लाकडाच्या नाहीतर धातूच्या भांड्यातून प्यायली जायची. आत काय तरंगतंय हे दिसतच नसे. काचेचे पेले स्वस्त होऊ लागले तेव्हा पारदर्शकपणाला किंमत आली. पुढं गाळणयंत्रं आली, रेफ्रिजरेशन आलं, पाश्चरायझेशन आलं. बाटलीबंद बिअर महिनोन्महिने टिकू लागली, आणि टिकण्यासाठी जे जे काढून टाकावं लागलं ते नसणं म्हणजेच शुद्धता असं लोक मानू लागले. मराठवाड्याची राजधानी असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा भागांत देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे बिअरचे कारखाने आहेत. तिथून निघणारी बिअर याच परंपरेतली. फाट्यावर तिचाच अंमल आहे.

भारताचं नाव मिरवणारी इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, ही बिअरही एके काळी स्वच्छच असावी अशी अपेक्षा असे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसन या ब्रुअरनं आणि १८२० नंतर बर्टनच्या ब्रुअरांनी भरपूर हॉप्स घातलेली फिकट एल मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बंदरांवर पाठवली. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजात ती महिनोन्महिने पिंपात मुरायची आणि गाळ तळाशी बसायचा. हॉप्समुळे ती आंबट पडण्यापासून बचावायची. मुंबईत ती प्यायचे ते इंग्रज साहेब. इथल्या माणसाशी तिचा संबंध पिंपं उतरवून घेण्यापुरताच होता.

त्याच आयपीएला दोनशे वर्षांनी धूसर करणारं ठिकाण म्हणजे अमेरिकेतलं व्हरमाँट हे छोटं, डोंगराळ राज्य. वॉटरबरी गावात जॉन आणि जेन किमिच या जोडप्यानं २००३ साली ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब उघडला. तिथली ‘हेडी टॉपर’ ही बिअर गाळलेली नव्हती, गढूळ होती, आणि तिच्यात हॉप्सचा फळांसारखा वास इतका ओतप्रोत होता की लोक लांबून लांबून यायचे. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब बुडाला, आणि त्याच सुमारास ही बिअर कॅनमध्ये भरून विकायला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत न्यू इंग्लंडच्या अनेक ब्रुअरींनी ही वाट धरली. २०१८ साली अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशननं आपल्या शैलींच्या यादीत ‘ज्यूसी किंवा हेझी’ हा वेगळा गट केला, तेव्हा धूसरपणाला अधिकृत मान्यता मिळाली.

महाराष्ट्रात मात्र धूसर ग्लास आला तो वेगळ्या वाटेनं, आणि ती वाट मला जास्त महत्त्वाची वाटते. २००९ साली पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी ती उभी केली, आणि ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रुअर त्यांच्यासोबत होता. तिथं लोकांच्या तोंडी बसली ती हेफेवायझन, म्हणजे यीस्टसकट वाढली जाणारी बव्हेरियन गव्हाची बिअर. २०१४ मध्ये मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ आली आणि मुंबईकडं ‘गेटवे’नं गव्हाची बिअर हॉटेलांपर्यंत नेली. २०१५ पासून ‘बिरा ९१’ची व्हाइट बाटलीतून सगळीकडं पोचली. गोव्यात सांगोल्ड्याच्या ‘गोवा ब्रुइंग कंपनी’नं ‘एट फिंगर एडी’ नावाची आयपीए काढली. आज पुण्यातल्या बऱ्याच टॅपांवर एखादी हेझी आयपीए असतेच. पण मराठी माणसाची धूसर बिअरशी पहिली ओळख गव्हानं करून दिली, आणि रसास्वादाची सुरुवातही तिथूनच करावी असं मला वाटतं. हेझी आयपीएवर एकदम उडी घेणाऱ्याच्या नाकावर हॉप्सचा इतका मारा होतो की त्याला खालचं धान्य कळतच नाही.

आता तरंगतं काय ते पाहू. हेफेवायझनमध्ये निम्म्याहून जास्त माल्ट गव्हाचं असतं. गव्हात प्रथिनं भरपूर, आणि गव्हाला जवासारखं टरफल नसतं. ही प्रथिनं, शिवाय सहजी खाली न बसणारं यीस्ट, यांनी ग्लास दुधाळ होतो. या यीस्टचा स्वभाव खास आहे. ते आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं संयुग तयार करतं, ज्याचा वास पिकलेल्या केळ्याचा. धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून ते आणखी एक संयुग बनवतं, ज्याचा वास लवंगेचा. चांगल्या हेफेवायझनमध्ये ना केळं असतं ना लवंग, पण दोन्ही वास स्पष्ट येतात. आंबवण्याचं तापमान थोडं वाढलं की केळं वर येतं. सुरुवातीला धान्य ठरावीक तापमानाला विसावू दिलं तर लवंग वर येते. ब्रुअरचा हात इथंच कळतो.

बेल्जियन विटबिअरचा धूसरपणा माल्ट न केलेल्या कच्च्या गव्हाचा असतो. तिच्यात संत्र्याची वाळलेली साल आणि धणे घालतात. १९६० च्या दशकात हूखार्डन गावात पिएर सेलिस यानं मरू घातलेली ही शैली पुन्हा उभी केली. धणे कुटून रोजची फोडणी देणाऱ्या आपल्या घरांतल्या माणसाला ही बिअर ओळखायला वेळ लागू नये. तरी धण्याचा वास बिअरमध्ये आला की लोक त्याला ‘काहीतरी परदेशी’ म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. नाक तेच, पण त्याला विचारायची सवय नाही.

तिसरा धूसरपणा हेझी आयपीएचा, आणि तो सगळ्यांत गुंतागुंतीचा. त्यात यीस्ट बहुतांशी खाली बसलेलं असतं, निदान बसलेलं असायला हवं. वर राहतात ती ओट आणि गव्हातली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स. ही दोन्ही एकमेकांना धरून इतके बारीक कण बनवतात की ते आठवडे-महिने तळाशी जात नाहीत. साध्या लागरमध्ये हॉप्स मुख्यतः उकळताना घालतात, त्यातून कडवटपणा येतो. हेझीमध्ये हॉप्सचा मोठा वाटा उकळून झाल्यावर, थंड होत आलेल्या किंवा आंबत असलेल्या द्रवात पडतो. लिटरमागे १० ग्रॅम आणि कधी त्याहूनही जास्त. उकळ नसल्यानं कडवटपणा कमी उतरतो आणि सुगंधी तेलं टिकतात. सिट्रा, मोझेइक, गॅलेक्सी, नेल्सन सॉव्हिन ही या कामातली नावाजलेली वाणं. आंबणं चालू असताना हॉप्स घातले तर यीस्ट त्यांतल्या काही सुगंधी द्रव्यांचं रूप बदलतं. गुलाबासारख्या वासाच्या जेरॅनिऑलपासून लिंबाकडं झुकणारं सिट्रोनेलॉल तयार होतं. पाण्यातही फेरफार असतो: सल्फेटपेक्षा क्लोराइड जास्त ठेवलं की कडवटपणाची धार बोथट होते आणि बिअर जिभेवर मऊ, भरीव लागते.

म्हणजे या बिअरीतला गढूळपणा हा चवीचा परिणाम आहे. धान्य, हॉप्स आणि पाण्याची निवड चवीसाठी झाली आणि त्या ओघात ग्लास धूसर झाला. काही ब्रुअर उलट करतात. नुसता धूसर दिसावा म्हणून पीठ घालतात, किंवा यीस्ट बसू न देताच बिअर वाढतात. अशी बिअर दिसायला छान असते, पण तोंडात कच्च्या पिठाची पूड आणि घशाला चरचर राहते. याबद्दल माझं मत ठाम आहे. ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि ती ओळखता येण्यापुरतं ज्ञान प्रत्येक पिणाऱ्याकडं असलं पाहिजे.

चाखायची कशी, यावर पुढं स्वतंत्र प्रकरण आहे, पण मुख्य गोष्टी इथंच सांगतो. ग्लास नुसता धुतलेला पुरत नाही, त्यावर साबणाचा किंवा तेलाचा थर राहिला की फेस उभाच राहत नाही. तळलेल्या शेंगदाण्याचा हात ग्लासाच्या काठाला लागला तरी तेच होतं, म्हणून चखणा नंतर. गारवा बेताचा हवा. ८ ते १० अंशांच्या आसपास हेझी आयपीए आणि हेफेवायझन दोन्ही मोकळ्या होतात. त्याहून फार थंड असेल तर वास बाहेर पडत नाही आणि जीभ बधिर होते. फाट्यावरची ‘चिल्ड’ मागणी चुकीची का, याचं उत्तर इथं आहे. ज्या बिअरीत चव आहे तिला अतिथंड करणं म्हणजे तिच्यासाठी दिलेले जादा पैसे पाण्यात घालणं.

हेफेवायझनची बाटली असेल तर शेवटचे दोन घोट बाटलीत ठेवून ती हळूच फिरवावी आणि तळाचं यीस्ट वरून ओतावं. हेझी आयपीएच्या कॅनला मात्र हलवू नये, तळाचा गाळ तिथं नको असतो. मग ग्लास उजेडासमोर धरावा. रंग फिकट पिवळ्यापासून केशरी पिवळ्यापर्यंत असावा. राखाडी, तपकिरी किंवा जांभळट झाक दिसली तर बिअरीला हवा लागली आहे, आणि आत काय सापडेल याचा अंदाज तिथंच येतो. वास आधी घ्यावा, फेस बसायच्या आत, एक-दोन छोट्या श्वासांत. मोठा श्वास घेतला की नाक लवकर थकतं. मग छोटा घोट, तो जिभेवर पसरू द्यावा, आणि गिळल्यावर नाकानं श्वास सोडावा. बिअरीतला बराचसा सुगंध या परतीच्या श्वासात कळतो.

इथं भाषेचा प्रश्न येतो. सिट्रा हॉपच्या वासाला अमेरिकन माणूस ग्रेपफ्रूट म्हणतो, लिची म्हणतो, पॅशनफ्रूट म्हणतो. देवगाव फाट्यावरच्या माणसानं ही फळं चाखली असतीलच असं नाही, आणि न चाखलेल्या फळाचं नाव घेऊन चव सांगणं हे पाठांतर झालं. पण त्याच्याजवळ स्वतःचा साठा मोठा आहे. जालना, अंबड, घनसावंगीच्या बागांतली मोसंबी सोलताना बोटांना लागणारं सालीचं तेल, पपनसाच्या पाकळीचा कडवट-गोड रस, पाडाचा पेरू, कैरीच्या देठाचा चीक, हापूस आणि केशर आंब्यांतला फरक, कवठाचा आंबूस गर, उन्हात वाळत घातलेला कडबा, ओल्या मातीचा वास. हे सगळे शब्द बिअरीच्या चवीसाठी बिनचूक चालतात. मोझेइकमध्ये पेरू आणि कधी कधी कांद्यासारखी उग्र झाक येते, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, नुसतं विचारावं लागतं. म्हणून या पुस्तकात मी वासांची यादी इथल्या बाजारातून घेतली आहे.

दोष ओळखणंही याच नाकाचं काम. लोण्याचा, नेमका बेकरीतल्या नकली लोण्याचा वास आला तर डायासिटिल. भरपूर हॉप्स घातलेल्या बिअरीत हा दोष उशिरानं उद्भवतो, कारण हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली साखर मोकळी करतात आणि आंबणं पुन्हा सुरू होतं. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर वेळेआधी काढलेली आहे. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळणं कमी पडलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती जुनी झाली. बाटली उन्हात किंवा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली राहिली तर हॉप्समधलं द्रव्य उजेडानं बिघडतं आणि जंगली जनावराच्या ग्रंथीसारखा उग्र वास येतो, तपकिरी काच त्यापासून बरीच वाचवते. आणि गव्हाच्या बिअरीत न मागितलेला आंबटपणा आला तर नळ्या, तोट्या धुतलेल्या नाहीत. असा ग्लास शांतपणे परत करावा. चांगली ब्रुअरी तो कुरकुर न करता बदलून देते.

हेझी आयपीएचा मोठा शत्रू प्राणवायू, आणि दुसरा उष्णता. कॅनमध्ये जराशी हवा राहिली किंवा वाहतुकीत ती तापली, तर महिनाभरात मोसंबी-पेरू नाहीसे होतात आणि उरतं ते उकळलेल्या फळांच्या जामचं गोड, मातकट काहीतरी. अशी बिअर बनल्याच्या जागेपासून टेबलापर्यंत सतत थंड राहावी लागते. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. पुण्याहून इथपर्यंत तिला अखंड थंड आणणं आज आर्थिकदृष्ट्या कुणालाही परवडणारं नाही. म्हणून ज्याला ही बिअर खऱ्या रूपात चाखायची आहे त्यानं ती बनते तिथं जावं. बिअर शॉपीत जुनी हेझी कॅन दिसली तर तारीख पाहावी, आणि ती तीन महिन्यांपलीकडची असेल तर पैसे वाचवावेत. हेफेवायझन त्या मानानं जरा सोशिक आहे.

मग देवगाव फाट्याला या विषयात काय? माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट, आणि ती इथल्या रानातच आहे: ज्वारी.

ज्वारीचं मूळ आफ्रिकेचं. तिथल्या लोकांनी तिची भाकरी केली तशी बिअरही केली, आणि ती बिअर हजारो वर्षं धूसरच राहिली आहे. बुर्किना फासोत तिला डोलो म्हणतात, उत्तर नायजेरियात बुरुकुतू, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा लोकांत मक्याबरोबर ज्वारीचं माल्ट घालून उमक्वोम्बोथी बनते. झांबिया आणि झिंबाब्वेत ‘चिबुकू’ नावानं ती कारखान्यात बनते आणि खोक्यात विकली जाते. पिण्याआधी खोका हलवावा लागतो, म्हणून तिचं बाजारातलं नाव ‘शेक शेक’ पडलं. ती आंबूस, दाट, धान्याच्या कणांनी भरलेली असते, तिच्यात मद्यार्क कमी असतो, आणि खोक्यात भरल्यावरही ती आंबतच राहते, त्यामुळे काही दिवसांतच संपवावी लागते. १९८८ साली नायजेरियानं जव आणि त्याच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनी आपल्या स्वच्छ लागरसुद्धा ज्वारीपासून बनवायला शिकून घेतल्या. ज्वारीची बिअर होते की नाही, हा प्रश्न जगानं केव्हाच निकालात काढला आहे.

चव ओळखण्याचीही तयारी इथल्या जिभेत आहे. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवलेली, लसूण-मीठ घातलेली आंबील मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या प्यायली गेली. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावास्येला ती शेतात मडक्यानं असते. आंबिलीत मद्य नाही, तिचं आंबणं ताकातल्या जिवाणूंचं आहे. पण तिचा गढूळपणा, पिठाचा दाटपणा, पोटात शिरताना जाणवणारा हलका आंबटपणा, आणि चांगली आंबील कोणती व फसलेली कोणती हे एका घोटात सांगणारी म्हातारी माणसं, हे सारं मला धूसर बिअरच्या रसास्वादाचं मुळाक्षर वाटतं. चिबुकू पिणारा झिंबाब्वेचा शेतकरी आणि आंबील पिणारा सेलूचा शेतकरी एकमेकांच्या भांड्यात डोकावले तर दोघांनाही ओळखीचं काही दिसेल.

ज्वारीपासून चांगली बिअर बनवणं सोपं मात्र नाही, आणि त्यातल्या अडचणी समजून घेण्यासारख्या आहेत. जवाचं माल्ट ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात आपली पिठूळ साखर आपल्याच एन्झाइम्सनी मोकळी करतं. ज्वारीचं स्टार्च त्याहून जास्त तापमानाला फुगतं, आणि त्या तापमानाला एन्झाइम्स मरू लागतात. तिच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज हे स्टार्चची साखर करणारं एन्झाइम कमी असतं. टरफल नसल्यानं गाळताना लगदा घट्ट बसतो आणि रस उतरत नाही. शिवाय ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं, ज्यातून विषारी सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण तेच. म्हणून मोड आलेलं धान्य वाळवून त्याची मुळं आणि कोंब काळजीनं चोळून काढावे लागतात. या अडचणींवर उपाय आहेत. स्टार्च आधी वेगळं शिजवून घेणं, काही भाग जवाचं माल्ट मिसळणं, टरफलासाठी भाताची तुसं घालणं हे ब्रुअरांना नवं नाही.

आणि हे सगळं तपासून पाहायला परभणीइतकं योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरं नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथं १९७२ पासून आहे. ज्वारीवर त्यांचं काम मोठं आहे: ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ ही वाणं त्यांचीच, आणि २०१८ मध्ये इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर त्यांनी लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी शेतकऱ्यांना दिली. या वाणांची भाकरी कशी होते, कडबा किती येतो, हे मोजलं गेलं आहे. त्यांचं माल्ट कसं होतं, फेस किती टिकतो, कोणत्या वाणाचा धूसरपणा मऊ आणि कोणत्याचा खरखरीत, हेही कुणीतरी मोजावं अशी माझी इच्छा आहे. हमीभावाखाली ज्वारी विकणाऱ्या शेतकऱ्याला धान्याचा आणखी एक खरीदार मिळाला तर त्याचं भलंच होईल.

पण पाण्याचा हिशेब टाळून हे बोलता येणार नाही. मोठ्या कारखान्यात एक लिटर बिअरीमागं साधारण चार-पाच लिटर पाणी लागतं, छोट्या ब्रुअरीत धुण्या-पुसण्यामुळं जास्तच. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाडा कोरडा पडला होता. मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला येत होतं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि पुढं ६० टक्के कपात करायला सांगितलं. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. जवळच निम्न दुधना प्रकल्प असला तरी सेलू तालुक्यातल्या बाईला उन्हाळ्यात हंडा घेऊन चालावं लागत असेल, तर चवीच्या बिअरीला तिच्या आधी हक्क सांगता येत नाही. एखादी ब्रुअरी इथं उभी राहायची असेल तर धुण्याचं पाणी पुन्हा वापरण्याची सोय तिच्या नकाशात पहिल्या दिवसापासून असायला हवी.

दारूनं मराठवाड्यात किती संसार मोडले हे मी जवळून पाहिलं आहे, आणि बाटली आडवी करणाऱ्या बायांच्या बाजूनं मी उभा आहे. रसास्वाद हा व्यसनाला घातलेला नवा कपडा होऊ नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार ५ टक्क्यांवर मद्यार्क असलेली बिअर स्ट्राँग ठरते, आणि हेझी आयपीए सहसा ६ ते ७ टक्क्यांच्या असतात. फळांच्या वासामागं हा मद्यार्क लपतो. म्हणून चाखणं म्हणजे दीडशे मिलीचा छोटा ग्लास, एखादा-दुसरा प्रकार, आणि त्यानंतर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती. महाराष्ट्रात बिअरीसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि परवानाही. ज्यांच्या घरात व्यसनाचा इतिहास आहे त्यांनी या पानांतून धान्याचं आणि आंबवण्याचं ज्ञान घ्यावं, ग्लास राहू द्यावा.

पुढची मांडणी धान्यापासून सुरू होते: आधी पाणी आणि माल्ट, मग गहू आणि ओट, मग यीस्ट, मग हॉप्स, आणि नंतरच चाखणं. काहींना हा क्रम उलटा वाटेल, थेट ग्लासाशी यावं असं वाटेल. त्यांनी चाखण्याचं प्रकरण आधी वाचायला हरकत नाही, फक्त एक करावं. पहिल्या चाखण्याला हेफेवायझन, विटबिअर आणि हेझी आयपीए असे तीन छोटे ग्लास एकत्र मागवावेत, तिन्ही उजेडासमोर धरावेत, आणि प्रत्येकात तरंगतंय ते काय याचं उत्तर चव घेण्याआधी कागदावर लिहून ठेवावं. नंतर चव घेऊन ते तपासावं. ज्वारीचं प्रकरण शेवटी ठेवलं आहे, कारण त्यात सांगण्यापेक्षा करून पाहण्यासारखं जास्त आहे. त्यात घरच्या घरी किलोभर ज्वारीला मोड आणून, वाळवून, भरडून त्याचा गोड रस काढायची कृती दिली आहे, मद्य बनवण्याची नाही. त्या रसाचा वास ज्यानं एकदा घेतला त्याला माल्ट म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.